पायाचा भाता

वरचा कोंड, पोलादपूर
२९ सप्टेंबर २०२४

ओंकारा,

हे पाकीट उघडलंस म्हणजे आधी बस, मंग वाच. घाबरू नको, सगळी जिवंत हाव. शेजारच्या अंकिताने तुला फोन केला असेल, पण तुझ्या मामांचं दुखणं माझ्या तोंडून ऐक. फोनवर माझा कान धरत नाय, नुसती घूंघूं ऐकू येते. नि हे सोता समोरच्या खाटेवर बसलेले, त्यांच्यादेखत त्यांच्याच दुखण्याचं मोठ्यानं काय बोलू? म्हणून तुझी आवडीआत्या पत्र लिहायला बसली. तुझ्या आज्याने मला सातवीपर्यंत शिकवलं ते कदी तरी कामाला येऊं दे.

गणपतीत आपल्याच पडवीत भजन चाललेलं. चंदू गात होता, कुशाबा पखवाजावर, नि पेटीवर हे. गजर रंगात आला नि मधीच पेटी गप झाली. कुशाबा बोलला, "बुवा, भाता!" तर हे बोलले, "मारतोय की!" अरे, डावा हात भात्यावर नुसता पडलेला मेल्या माशासारखा, नि ह्यांना वाटतंय आपण भाता मारतोय. सगळी हसली, बुवा गंमत करतायत म्हणून. मी दारात उभी होते, मला नाय हसू आलं. महाडला नेईपर्यंत तोंड वाकडं झालेलं.

आता घरी आणलंय. बोलणं सुधारलं. डावा पाय वाईच ओढतात पण उजव्याच्या जोरावर चालतात, विहिरीपर्यंत जातात. डावा हात मात्र गेला. पेटीपुढं बसतात नि उजव्या हाताने पट्ट्या दाबत राहतात. आवाज नाय काय नाय, नुसती लाकडाची टकटक. ती टकटक मला ऐकवत नाय रे. काल मी बोलले, "मी मारते भाता," तर माझ्यावर खेकसले, "ते तुझं काम नव्हे."

माघात देवळाचा सप्ताह असतो तो तुला ठाऊक हाय. काल्याच्या भजनाला हे पेटीवर बसले नायत असं एक साल गेलं नाय. ह्या साली दुसरा कोण बसला तर हा माणूस उभा वाळून जाईल. तू मुंबईत कीबोर्ड वाजवतोस, त्याला भाता नसतो ना? काय करता येतं का बघ. मला दुसरं काय नको. त्या दिवशी त्यांना वाजवताना बघायचंय, बस.

तुझी आत्या

---

घाटकोपर
९ ऑक्टोबर २०२४

आत्या,

तुझं पत्र स्टुडिओत डबा खाताना वाचलं आणि डबा तसाच परत गेला. अंकिताने 'मामांना थोडं बरं नाही' एवढंच सांगितलं होतं. थोडं! तिला आलो की बघतो.

आता कामाचं. कीबोर्डला भाता नसतो हे बरोबर, पण त्यात पेटीचा आवाज आणायचे दोन मार्ग आहेत आणि मामांना कुठला चालेल ते तेच ठरवतील. पहिल्या मार्गाला आम्ही सॅम्पल म्हणतो. खरी पेटी मायक्रोफोनपुढे ठेवायची आणि एकेक पट्टी दाबून तिचा सूर रेकॉर्ड करून ठेवायचा. हळू, मध्यम, जोरात, असा प्रत्येक सूर. मग कीबोर्डवर बोट पडलं की तो साठवलेला सूर बाहेर येतो. लोणच्यासारखं समज. कैरी अस्सल, पण एकदा बरणीत गेली की वर्षभर तीच फोड.

दुसऱ्याला मॉडेल म्हणतात. त्यात कुठल्याच पेटीचा आवाज भरलेला नसतो. आतली पितळी पत्ती केवढी, भाता केवढा, हवा किती जोराने जाते, हे सगळं कॉम्प्युटरला गणितात सांगायचं आणि तो बोट पडेल त्या क्षणी सूर तयार करतो. बरणी नाही, सगळं ताजं. शिवाय त्याला पायाचं पेडल जोडता येतं. मामांचा उजवा पाय धड आहे ना? मग भाता पायाने मारायचा. जेवढा पाय, तेवढाच आवाज.

दिवाळीला सगळं सामान घेऊन येतो. वीर स्टेशनला उतरेन, रिक्षावाल्याला एवढ्या पेट्या बघून घाम फुटणार आहे. सॅम्पल मामांच्याच पेटीचे घेऊ. फक्त त्या वेळी भाता मारायला कुणीतरी लागेल. मामा खेकसोत नाहीतर आणि काही, तूच बस.

ओंकार

---

वरचा कोंड
२० नोव्हेंबर २०२४

ओंकारा,

लोणच्याचं तू मला नको शिकवू. लोणचं मुरतं, शिमग्याला लागते ती चव दिवाळीला नाय लागत. मुंबईला राहून तू लोणचं पण विसरलास.

तू गेल्यापासून घर सुनं वाटतं. ते रेकॉर्डिंगचे दिवस माझ्या डोळ्यापुढून हलत नायत. तू कानाला ती टोपणं लावून मला दटावत होतास, "आत्या, श्वास पण हळू घे." कोंबड्या हाकलायला चंदूला अंगणात बसवला, तरी एक मेली ऐन काळी चारला ओरडलीच. नि हे माझ्या शेजारी. त्यांचं बोट पट्टीवर, माझा हात भात्यावर. लग्नाला इतकी वर्षं झाली पण मी पेटीशी त्यांच्या बाजूला कदी बसले नव्हते. देवळात बायका खांबामागं, नि घरात तालीम असली की मी चुलीपाशी चहा घेऊन. पहिल्यांदा माझा हात हिसके देत होता तर हे बोलले, "धीरे गो. दूध ओततेस तसा मार." मंग जमलं मला. तू बोललास, "वा आत्या!" नि हे हसले. वाकड्या तोंडानं हसले, पण दुखण्यानंतर पहिल्यांदा हसले. खरं सांगते, मला तर नव्यानं लग्न झाल्यासारखं वाटलं. म्हातारपणी काय लिहितेय मी, फाडून टाक हे पत्र.

आता मात्र ऐक काय झालं. तू एक नंबरला गणिताची पेटी ठेवलीस नि दोन नंबरला आमची, माझ्या भात्याची. पडद्यावरची अक्षरं ह्यांना दिसत नायत म्हणून रोज चालू करायचं काम माझं. पहिल्या दिवशी तू दोन्ही लावून दिलेस ते वाजवून बघितले, नि तेव्हापास्नं रोज एकच बोलतात, "एक लाव." दोनला हात लावत नायत. मी विचारलं, का? तर बोलले, "तो माझं ऐकत नाय. एक नंबर ऐकतो."

कानामागून आली नि तिखट झाली! जिला लाकूड नाय, पत्रा नाय, जी पेटी जगात कुठं नायच, ती ह्यांचं ऐकते. नि माझा हात ऐकत नाय. मला राग आला रे, नि परड्यात जाऊन रडले पण. तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगू?

पण वाजवतात. सकाळी पडवीत बसतात, उजवा पाय पेडलवर टाकतात नि गजराला आवाज असा उठवतात की खालच्या कोंडावरनं कुशाबा साद देतो. तेवढं तू दिलंस, देव तुला सुखी ठेवो.

आत्या

---

घाटकोपर
४ डिसेंबर २०२४

आत्या,

पत्र फाडलेलं नाही आणि फाडणारही नाही.

मामांवर रागावू नकोस. दुसऱ्याने भरवलेला घास कितीही गोड असला तरी आपल्या हाताने जेवण्याची सर त्याला येत नाही. दोन नंबरवर सूर त्यांच्या पेटीचा आहे, पण तो आपण त्या दिवशी जसा वाजवला तसाच राहणार. एक नंबरवर पाय त्यांचा आहे. हात गेल्यावर माणसाला आपलं काहीतरी चालतंय हे किती हवं असेल, तूच विचार कर.

तुझा भाता मी टाकून दिलेला नाही. जपून ठेवलाय. इथे स्टुडिओत सगळ्यांना ऐकवला. एक जण म्हणाला, हा भाता मारणारा फार मायाळू माणूस दिसतोय. मी म्हटलं, माणूस नाही, आमची आत्या आहे, आणि मायाळू तर मुळीच नाही.

ओंकार

---

वरचा कोंड
२९ डिसेंबर २०२४

ओंकारा,

मायाळू नाय तर नाय, ये तू इकडं, तुला बघते.

सप्ताहाची बैठक झाली. चंदूने सगळ्यांपुढं सांगितलं, काल्याला पेटीवर येसाजीबुवाच बसतील, मंग ती पेटी विजेवर चालो नाय तर पायावर. ह्यांचे डोळे भरले. घरी येऊन मला बोलले, "आता मी मेलो तरी चालेल." मी बोलले, "काला होऊ द्या, मंग काय ते मरा." असं आमचं चाललंय.

एक विचारायचं होतं. चालू केला की आपसूक एक लागतो ते ठाऊक हाय, पण त्या कीबोर्डवर धूळ फार बसते. पुसताना माझ्या हातून बटण दाबलं गेलं नि एकचा दोन झाला तर मला कळायचं कसं? नि परत फिरवायचा कसा? नीट लिही. ऐन वेळी घोटाळा नको.

आत्या

---

घाटकोपर
८ जानेवारी २०२५

आत्या,

एवढंच ना? उजवीकडे दोन बटणं आहेत, त्यांच्यावर मी लाल आणि हिरवी टिकली चिकटवून आलोय. लाल दाबलीस की मामांचा एक नंबर, हिरवी दाबलीस की तुझा दोन नंबर. बस, बाकी काही करावं लागत नाही. बिनधास्त पूस.

काल्याला यायचं फार मनात होतं, पण त्याच आठवड्यात आमच्या बँडचे कार्यक्रम नाशिकला आहेत. मामांना सांग, पोटभर वाजवा.

ओंकार

---

वरचा कोंड
१६ फेब्रुवारी २०२५

ओंकार,

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. इथं मी वैरीण निघाले.

धूळबिळ काय नव्हती. मी तुला खोटं लिहिलं. काल्याच्या दिवशी माझा भाता त्यांच्या हाताखाली असावा एवढंच माझ्या मनात होतं. देवळात मला त्यांच्या बाजूला कोण बसू देणार? पण माझा हात तरी तिथं बसेल, नि कोणाला कळायचं पण नाय. मला वाटलं, दोन्ही पेट्याच. एकात गणित, एकात मी, एवढाच फरक. 'ऐकत नाय' म्हणजे काय ते मला समजलंच नव्हतं. मला वाटायचं, मी भात्याला हात लावला त्याचा जुना राग बोलतोय.

देवळात कीबोर्ड मांडला, हे बसले, मी नेहमीसारखी पुढं जाऊन चालू केला नि हिरवी टिकली दाबली. मंग खांबामागं येऊन बसले. सुरुवात झाली नि माझ्या अंगावर काटा आला. माझा हात होता रे तो. मी ओळखला. मी पदर तोंडाला लावून बसले होते, बायकांना वाटलं भजनात रंगलेय.

मंग गजर आला. पखवाज चढला, टाळ चढले, चंदूने आवाज वर नेला. हे पाय मारतायत, मारतायत, नि पेटी आहे तिथंच. उठेना. मी बघत होते, पेडलवर त्यांचा पाय खाली-वर होत होता, कपाळावर घाम. पेटी पार बुडून गेली त्या गजरात. कुशाबाने ह्यांच्याकडं बघितलं, गणपतीत बघितलं होतं तसंच. ते बघणं ह्यांनी ओळखलं. हात उचलला नि मांडीवर ठेवला. चंदूने बिनपेटीचं भजन पुरं केलं.

आरतीच्या आधी ह्यांनी मला खुणेनं बोलावलं. सगळ्या मंडळींच्या पुढं विचारलं, "अगो, एकावरच होता ना?" ओंकार, सगळे माझ्याकडं बघत होते. बुवाच्या बायकोने भर सप्ताहात बुवाचं वाजवणं बुडवलं, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, एकावरच."

त्यांनी मान डोलावली. त्यांना माझा शब्द पुरला. बोलले, "मंग पाय पण गेला. हाताचं असंच झालं होतं. मला वाटतं मी दाबतोय, नि तो दाबत नाय."

घरापर्यंत दोघांच्या खांद्यावर आले. जाताना देवळात सोताच्या पायाने गेलेले. आता खाटेवरनं उठत नायत. मला सांग, मी काय करू?

आत्या

---

घाटकोपर
२२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

चूक तुझ्या एकटीची नाही. दोन नंबरला मी पेडल जोडलंच नव्हतं, आणि मामा तो वाजवत नाहीत हे कळल्यावर पुढेही त्याचा विचार केला नाही. पाय कितीही मारला तरी तिथे काही होणार नव्हतं. हे तुला एका ओळीत लिहिता आलं असतं. मी टिकल्यांचं लिहिलं आणि हे लिहिलं नाही.

पण आता रडत बसू नकोस. मामांचा पाय चांगला आहे. त्यांना आजच्या आज सांग. लाल टिकली दाब, पाय पेडलवर ठेव, आवाज उठेल आणि सगळं मिटेल. रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, चालेल. रोज जितका उशीर होईल तितका तो पाय खरोखरच अशक्त होत जाईल. न वापरलेल्या पायात जोर राहत नाही, हे तुला मी सांगायला नको.

तुला जमत नसेल तर मी फोन करून सांगतो.

ओंकार

---

वरचा कोंड
१९ मार्च २०२५

ओंकार,

फोन करू नको, मीच सांगेन, असा निरोप मी अंकिताकडनं दिला तो तुला पोचला असेल. शिमग्याला सगळे मुंबईकर आले, तुझी वाट बघितली. आला असतास तर तुझ्यापुढं सांगितलं असतं. नाय आलास, त्याचा राग नाय. पोटापाण्याचं काम आधी.

मी नाय सांगितलं अजून. रोज सकाळी ठरवते. चहा घेऊन जाते, तोंड उघडते, नि ते माझ्याकडं असे बघतात की कप ठेवून मी परत फिरते. मी न्हाऊ घालते, कपडे घालते. मला बोलले, "आवडे, तू नसतीस तर माझं काय झालं असतं गो?" आता ह्याच्यावर मी काय सांगू?

महाडच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. त्यांनी पाय हलवून बघितला, टाचणी टोचून बघितली, बोलले, पायाला काय झालेलं नाय, चाला. हे बाहेर आल्यावर अंकिताला बोलले, "डॉक्टर भला माणूस हाय, धीर देतो." बघ, विश्वासच नाय. माझ्या एका शब्दावर जेवढा ठेवला, तेवढा डॉक्टरच्या शिक्षणावर नाय ठेवला.

पाय वाळायला लागलाय. पोटरी माझ्या मुठीत मावते.

आत्या

---

घाटकोपर
२६ मार्च २०२५

आत्या,

मी आतापर्यंत तुला कधी उलट बोललो नाही. आज बोलतो. तू लाजेपायी मामांना खाटेला खिळवून ठेवलं आहेस. लोक काय म्हणतील ते म्हणून होईल आणि विसरतील. मामांना तो पाय परत मिळणार नाही.

शिमग्याला मी यायला हवं होतं. कामाचं निमित्त खरं होतं, पण त्याच्याआड लपलो हेही खरं. मलाही त्यांच्यापुढे उभं राहायची भीती वाटली. तेव्हा आपण दोघंही सारखेच.

हे पत्र वाचून झालं की उठ आणि सांग. उद्या नको.

ओंकार

---

वरचा कोंड
६ मे २०२५

ओंकार,

तू ह्यांच्या बाराव्याला आलास, डोकं उतरवलंस, पोटच्या पोरासारखं सगळं केलंस. निघताना मला बाजूला घेऊन विचारलंस, "सांगितलंस ना?" नि मी मान हलवली. तुझा जीव भांड्यात पडला ते मला दिसलं. माणसं होती, एसटीची वेळ झालेली, म्हणून तेवढ्यावर राहिलं. सांगितलं हे खरं हाय. पण कसं झालं ते तुला कळायला हवं.

तुझं ते रागाचं पत्र मिळालं त्याच दिवशी सांगितलं. वाचलं, चष्मा काढला नि तशीच त्यांच्यापाशी जाऊन बसले. सगळं बोलले. हिरवी टिकली, माझा हात, खांबामागं बसून पदर तोंडाला लावला ते, नि 'एकावरच' बोलले ते. काय राखून नाय ठेवलं. रडत होते नि बोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं.

तर हे नुसते माझ्याकडं बघून हसले. बोलले, "ओंकारने शिकवलं काय तुला हे?"

मी बोलले, "देवाशप्पथ!" तर मला दटावलं, "देवाला कशाला मधी आणतेस? माझ्यासाठी सोताच्या डोक्यावर पाप घेऊ नको."

मंग मी कीबोर्ड काढला. खाटेपाशी मांडला, लाल टिकली दाबली, तीनदा बघितली लालच हाय ना म्हणून. त्यांचा पाय उचलून पेडलवर ठेवला. बोट धरून पट्टीवर ठेवलं. मी बोलले, "मारा. तुमी मारा नि बघा." माझ्या शब्दाखातर त्यांनी मारला. अरे, महिनाभर न हललेला पाय तो. केवढा दाबला जाणार? जेवढा पाय, तेवढाच आवाज. डबीत कोंडलेली माशी गुणगुणते तेवढाच आवाज आला. माझ्या बहिऱ्या कानाला तर आलाच नाय, त्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं, आलाय.

"ऐकलंस?" बोलले. जसं काय त्यांचंच खरं झालं.

हिरवी दाबली असती तर भरलेला आवाज आला असता. माझा हात होता बटणाशीच. नाय दाबली. एकदा दाबून बघितलं होतं.

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. बोलले, "अहो, खरं सांगतेय, तुमचा पाय चांगला होता हो, मी केलं हे सगळं." त्यांनी उजवा हात माझ्या केसांवर ठेवला. गेले त्या दिवसापर्यंत त्याच्यावर पुन्हा बोलणं झालं नाय. बोलले ते एवढंच बोलले.

"अगो, खोटं तुला कदी जमलंच नाय. पण बरं वाटलं."

तुझी आत्या